विश्रांत मेंदूची कुजबुज

वर्गात शेवटच्या बाकावरचा एखादा विद्यार्थी खिडकीबाहेर पाहत असतो. वही उघडी असते, हातात पेन असते, मान अधूनमधून हलतही असते. तरी तो वर्गात नाही हे शिकवणाऱ्याला कळते. "लक्ष कुठे आहे?" असे आपण विचारतो. या प्रश्नातच एक गृहीतक दडलेले आहे. लक्ष इथे नसेल तर ते दुसरीकडे कुठेतरी गुंतलेले असणार, असे आपली भाषा मानते. मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांपैकी बहुतेकांची दीर्घकाळ वेगळी समजूत होती. काम सोपवलेले नसेल तेव्हा मेंदूत जे चालते ते नोंद घेण्याजोगे नाही, असे ते धरून चालत. ही समजूत कशी ढळली आणि तिच्या जागी आलेल्या नव्या समजुतीला कोणत्या मर्यादा पडल्या, याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

तसे पाहिले तर इशारे आधीच मिळाले होते. जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून मेंदूच्या विद्युत्लहरी टिपल्या आणि १९२९ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या. डोळे मिटून स्वस्थ पडलेल्या माणसाच्या मेंदूतही या लहरी थांबत नव्हत्या. १९५५ मध्ये लुई सोकोलॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनातल्या मनात गणित करणाऱ्या माणसांचा मेंदू किती प्राणवायू वापरतो हे मोजले. विश्रांतीच्या तुलनेत एकूण वापरात फरक पडला नाही. शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खर्च करतो आणि आपण काही करत नसतानाही हा खर्च जवळपास तेवढाच राहतो. ही ऊर्जा कोणत्या कामी येते, हा प्रश्न मात्र बरीच वर्षे बाजूला पडून राहिला.

त्याचे एक कारण पद्धतीत होते. जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये रक्तातील प्राणवायूच्या प्रमाणानुसार चुंबकीय संकेत बदलतो हे दाखवले. पुढच्या दोन वर्षांतच या तत्त्वावर माणसाचा काम करणारा मेंदू पाहता येऊ लागला. संशोधक प्रथम विश्रांतीची प्रतिमा घेत, मग बोटे हलवायला सांगून कामाची प्रतिमा घेत आणि दुसरीतून पहिली वजा करत. जे उरे ते 'कामाचे केंद्र'. या वजाबाकीत विश्रांती म्हणजे शून्य ठरली. तिच्यातील चढउतार हा गोंगाट मानला गेला आणि चांगल्या प्रयोगाने तो गाळून टाकायचा असतो.

अमेरिकेतील मिलवॉकी येथील वैद्यकीय महाविद्यालयात भरत बिस्वाल हे भारतीय वंशाचे संशोधक विद्यार्थी असताना हा गोंगाट कमी करण्याच्याच खटपटीत होते. श्वास आणि हृदयाचे ठोके यांमुळे संकेतात भेसळ होते. ती ओळखता यावी म्हणून त्यांनी दर २५० मिलिसेकंदांना एक, अशा ५१२ प्रतिमा घेतल्या. म्हणजे एकूण अवधी दोन मिनिटांहून थोडा अधिक. माणूस यंत्रात नुसता पडून होता. भेसळ बाजूला काढल्यावरही एक अतिशय संथ आंदोलन शिल्लक राहिले. त्याच्या एका चढउताराला दहा सेकंदांहून अधिक काळ लागत होता. नवल असे, की हाताच्या हालचालीशी निगडित असलेले डाव्या आणि उजव्या बाजूचे भाग हात स्थिर असतानाही एकाच लयीत वरखाली होत होते. दूरदूरच्या दोन घरांतले दिवे एकाच क्षणी मंद आणि एकाच क्षणी प्रखर होऊ लागले, तर ती घरे एकाच वाहिनीवर आहेत असे अनुमान आपण करू. बिस्वाल यांनी जेम्स हाइड प्रभृती सहकाऱ्यांसह १९९५ मध्ये मेंदूविषयी असेच अनुमान मांडले.

आरंभी या निष्कर्षाकडे अनेकांनी संशयाने पाहिले. हे श्वासाचेच अवशेष असतील, असा आक्षेप होता आणि तो गैरवाजवी नव्हता. पण २००१ मध्ये सेंट लुईस येथील मार्कस राइकल यांनी वेगळ्या वाटेने जाऊन दाखवले की काही भाग काम सुरू होताच मंदावतात; विश्रांती हीच त्यांच्या कामाची वेळ असते. हे भागही आपसांत एका लयीने जोडलेले आहेत, हे मायकेल ग्रायशस यांनी २००३ मध्ये दाखवले. आठवणी, उद्याचे बेत, स्वतःविषयीचे विचार यांच्याशी या जाळ्याचा संबंध पुढे दिसून आला. बाह्य जगाकडे लक्ष देणारे जाळे उचलले जाते तेव्हा हे खाली बसते, असे चित्र २००५ पर्यंत तयार झाले होते. २०१० मध्ये बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातील ३५ केंद्रांतून १,४१४ व्यक्तींच्या विश्रांत मेंदूच्या नोंदी एकत्र करून सर्वांसाठी खुल्या केल्या. एकेकाळी गाळून टाकायचा गाळ आता सांभाळून ठेवायचे धन झाला होता.

इथून प्रश्न माणसामाणसांतील फरकाकडे वळला. २०१५ मध्ये येल विद्यापीठातील एमिली फिन आणि सहकाऱ्यांनी १२६ व्यक्तींच्या नोंदी तपासल्या. विश्रांतीच्या एका दिवसाच्या जोडणीवरून दुसऱ्या दिवशीची तीच व्यक्ती ९० टक्क्यांहून अधिक वेळा ओळखता आली. २०१६ मध्ये तेथीलच मोनिका रोझेनबर्ग यांनी २५ प्रौढांच्या जोडणीवरून अवधानाचे एक प्रारूप बेतले. बीजिंगमधील ८ ते १६ वर्षांच्या ११३ मुलांच्या नोंदींना ते लावले असता, त्यांच्यातील चित्तविचलनाच्या लक्षणांचे प्रमाण काही अंशी वर्तवता आले. मग आता स्वभावही वाचता येईल का?

नेमक्या याच टप्प्यावर गोंगाट परत आला. जोनाथन पॉवर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्येच दाखवले होते की यंत्रात डोके किंचित हलले तरी जवळच्या भागांतील जोडणी खोटी वाढलेली आणि दूरची खोटी घटलेली दिसते. आता लहान मुले आणि चंचल मुलेच अधिक हलतात. म्हणजे ज्यांच्या अवधानाचे कोडे सोडवायचे, त्यांच्याच नोंदी सर्वांत सदोष! २०१८ मध्ये ८८४ व्यक्तींच्या अभ्यासात व्यक्तिमत्त्वाच्या पाच प्रमुख घटकांपैकी नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा तेवढा या जोडणीवरून वर्तवता आला आणि तोही क्षीणपणे. २०२२ मध्ये स्कॉट मारेक आणि सहकाऱ्यांनी सुमारे ५०,००० व्यक्तींची सामग्री तपासून दाखवले की स्वभाव वा बुद्धी यांचे मेंदूशी असलेले असे संबंध फार दुर्बळ असतात आणि ते खात्रीने पकडायला हजारो माणसे लागतात. तोवरच्या अभ्यासांत साधारणपणे पंचवीसेक माणसे असत.

हस्तलिखितांची पाठचिकित्सा शिकलेल्या कोणालाही हा प्रवास ओळखीचा वाटेल. लेखनिकाची चूक म्हणून टाकलेला पाठ कधी मूळ पाठ निघतो; तर मूळ म्हणून मिरवलेला पाठ कधी लेखनिकाची डुलकी ठरतो. बिस्वाल यांनी पहिली गोष्ट दाखवली, पॉवर यांनी दुसरी. दोघेही एकाच नोंदीकडे पाहत होते. म्हणून एकाने दुसऱ्याला खोडले असे म्हणता येत नाही; मेंदू स्वस्थ नसतो हे सत्य टिकून आहे. टिकले नाही ते एवढेच, की या कुजबुजीवरून एका माणसाचा स्वभाव सांगता येईल.

हा भेद शिक्षकाने जपायला हवा. हजारो मुलांच्या सरासरीतून निघालेला दुर्बळ संबंध एका मुलाच्या कपाळी लावणे सोपे असते आणि असा शिक्का सहजासहजी पुसला जात नाही. स्वभावाला औषध नाही असे आपण म्हणत आलो. त्याचा विश्वासार्ह नकाशाही अजून कोणाच्या हाती आलेला नाही. खिडकीबाहेर पाहणाऱ्या त्या मुलाचा मेंदू रिकामा नाही, इतके या इतिहासाने आपल्याला निश्चित सांगितले आहे. तो काय पाहतो आहे, हे अजूनही त्यालाच विचारावे लागते.