‘क्लैब्य’ ते ‘उत्थानदोष’ : एका व्याधीच्या नामकरणाचा इतिहास

व्याधीला दिलेले नाव ही केवळ ओळखीची खूण नसते. रोग्याने वैद्याकडे जावे की तोंड लपवावे, हेही पुष्कळदा त्या नावावरच ठरते. पुरुषाच्या संभोगाक्षमतेसंबंधी मराठीत रूढ असलेले शब्द या दृष्टीने तपासण्याजोगे आहेत. क्लीब, षंढ, नपुंसक, नामर्द या चारही शब्दांत रोगाचे वर्णन आणि माणसाची निंदा एकजीव झालेली आहे. ही एकजीवता कशी घडली व ती अपरिहार्य आहे काय, याचा विचार प्रस्तुत टिपणात केला आहे.

प्रथम वैद्यकाची साक्ष घेऊ. वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक अंग. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे चार प्रकार दिले आहेत : बीजाच्या उपघाताने होणारे, ध्वजभंगाने होणारे, जरेमुळे येणारे आणि शुक्रक्षयातून उद्भवणारे. सुश्रुताने सहा प्रकार मानले व त्यांत मानस क्लैब्याला स्वतंत्र स्थान दिले. अप्रिय स्त्रीशी संबंध किंवा मनाला झालेला आघात यांमुळे देह धडधाकट असूनही ही अवस्था येते, हे त्याचे निरीक्षण आहे. वर्गीकरणाचे तत्त्व कारणाचे आहे, दोषारोपाचे नव्हे. अर्थात वैद्यक समाजाच्या धारणांपासून सर्वस्वी अलिप्त होते असे मात्र नाही. चरकाच्या वाजीकरणाध्यायातच निपुत्रिक पुरुषाची निर्भर्त्सनाही आढळते.

धर्मशास्त्राची भूमिका व्यवहाराची आहे. नारदस्मृतीत पुरुषत्वहीनांचे चौदा प्रकार सांगितले असून त्यांतील काही असाध्य, तर काहींच्या बाबतीत महिना किंवा वर्ष वाट पाहावी, असा निर्णय दिला आहे. ही मुदत महत्त्वाची होय; कारण अवस्था पालटू शकते हे तिच्यात गृहीत धरले आहे. पतीचे क्लीबत्व हे स्त्रीला दुसरा पती करण्यास मोकळीक देणाऱ्या पाच आपत्तींपैकी एक, असे सांगणारे वचन नारदाप्रमाणे पराशरस्मृतीतही आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी विधवाविवाहाच्या समर्थनार्थ याच वचनाचा आधार घेतला आणि 1856 मध्ये तत्संबंधीचा कायदा झाला. म्हणजे पुरुषाच्या व्याधीची नोंद शास्त्रकारांनी स्त्रीच्या हक्काच्या संदर्भातही केली होती.

मग निंदा आली कोठून? भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायाच्या तिसऱ्या श्लोकात ‘क्लैब्य’ हा शब्द रणांगणावर हातपाय गाळणाऱ्या अर्जुनाला उद्देशून आला आहे. तेथे त्याचा अर्थ उघडच भ्याडपणा असा आहे. देहाच्या एका क्रियेचे नाव मनाच्या दुर्बलतेला मिळाले, आणि शब्द परत देहाकडे वळला तेव्हा तो कलंक घेऊनच आला. फारसीतून आलेल्या ‘नामर्द’ शब्दात हेच दोन्ही अर्थ नांदतात. ‘नपुंसक’ची गोष्ट निराळी. व्याकरणात हा शब्द निरुपद्रवी आहे; ‘घर’, ‘पुस्तक’ यांना नपुंसकलिंगी म्हणताना कोणाचाच अधिक्षेप होत नाही. माणसाला लावताच मात्र तो त्याच्या एका इंद्रियाविषयी न बोलता साऱ्या अस्तित्वावर निकाल देतो.

विसाव्या शतकात महाराष्ट्रात या मौनाला प्रथम धक्का दिला तो र. धों. कर्वे यांनी. जुलै 1927 पासून 1953 पर्यंत चाललेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात ते वाचकांच्या कामविषयक शंकांना उत्तरे देत. त्यापायी त्यांच्यावर खटलेही झाले. 1934 च्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. जेथे शास्त्रशुद्ध उत्तर मिळत नाही तेथे जाहिरात शिरते. 1954 च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने लैंगिक शक्ती वाढविण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींवर बंदी घातली. तरीही गुप्तरोगाच्या नावाने चालणारा हा व्यवसाय बंद पडला नाही. कारण त्याचे भांडवल औषध नसून रोग्याची लाज हे आहे.

पाश्चात्त्य वैद्यकातील संज्ञाही दीर्घकाळ अशीच होती. ‘इम्पोटन्स’चा शब्दार्थ सामर्थ्यहीनता. डिसेंबर 1992 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी भरविलेल्या परिषदेने ही संज्ञा संदिग्ध व अवमानकारक ठरवून ‘इरेक्टाइल डिसफंक्शन’ ही संज्ञा पुरस्कारली. समागमास पुरेशी ताठरता न येणे किंवा न टिकणे, एवढाच तिचा मर्यादित अर्थ आहे. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅसॅच्युसेट्समधील पाहणीत 40 ते 70 वर्षे वयाच्या पुरुषांपैकी 52 टक्क्यांना हा त्रास कमीअधिक प्रमाणात असल्याचे आढळले. मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, काही औषधे, चिंता व खिन्नता ही त्याची परिचित कारणे होत. शिश्नाच्या रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांहून अरुंद असल्यामुळे हा दोष कधीकधी हृद्रोगाची पूर्वसूचनाही ठरतो. 1998 मध्ये सिल्डेनाफिल हे औषध उपलब्ध झाले. तथापि हृदयविकारासाठी नायट्रेट घेणाऱ्यांना ते घातक ठरू शकते. म्हणून ते परस्पर न घेता वैद्यकीय तपासणीनंतरच घेणे इष्ट.

यावरून मराठीत ‘उत्थानदोष’ यासारखी संज्ञा रूढ करण्याची निकड स्पष्ट व्हावी. नवा शब्द रोग बरा करीत नाही, हे खरे. परंतु ‘मी नामर्द आहे’ असे वाक्य कोणीही वैद्यासमोर सुखासुखी उच्चारणार नाही. ‘मला उत्थानदोष आहे’ असे म्हणणे त्यामानाने सोपे आहे. पहिल्या वाक्यात माणूसच रोग होतो, दुसऱ्यात रोग माणसाहून वेगळा राहतो. चरक-सुश्रुतांच्या वर्गीकरणात हा भेद होताच. तो भाषेत पुन्हा आणणे हे कोशकारांचे व परिभाषाकारांचे काम आहे. आणि ते लांबणीवर पडले तर एखाद्या रोग्याचा मधुमेह वा हृद्रोग वेळेवर उमगायचा राहील.