लेबल धुतलेल्या तबकड्या

‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणे २०१९ साली आले. ‘स्वदेशी’ या मुंबईच्या रॅप करणाऱ्या पोरांनी ते केले आणि त्यांच्यासोबत आवाज दिला गोरेगाव-आरेच्या केलटी पाड्यातल्या प्रकाश भोईर यांनी. गाण्याचा विषय आरेचे जंगल. नाव मात्र आमच्याकडचे. वारली आदिवासींचा उठाव झाला तो तलासरी-डहाणूत, पालघरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या दांडी गावाहून उत्तरेला डहाणू ओलांडले की लागणाऱ्या मुलखात. पालघर जिल्ह्यातला इतिहास गोरेगावच्या वाटेने रॅपमध्ये पोचला. तो असा आडवाटेने का गेला, हे पाहायचे तर या गाण्याचे दोन्हीकडचे गोत तपासले पाहिजे.

‘रॅप म्हणजे काय, आपला पोवाडाच की!’ असे म्हणून मोकळे होणारे बरेच भेटतात. त्यातला आणखी एक वर्ग अशोककुमारच्या ‘आशीर्वाद’मधल्या आगगाडीच्या गाण्याला जगातले पहिले रॅप ठरवतो. ऐकायला गंमत वाटते, पण भरभर बोलणे सगळ्याच मुलखांत आहे. रॅप ज्या तंत्राच्या पाठीवर उभा राहिला ते तंत्र इथले नाही, आणि ज्यांनी ते घडवले त्यांचे श्रेय आपल्या खात्यात ओढण्याचे कारणही नाही.

ते तंत्र असे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, सेजविक अव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, ११ ऑगस्ट १९७३ रोजी सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने एक पार्टी ठेवली. शाळा सुरू व्हायची होती, नव्या कपड्यांना पैसे हवे होते. मुलींना पंचवीस सेंट, मुलांना पन्नास. गाणी वाजवायला तिचा भाऊ क्लाइव्ह, ऊर्फ डीजे कूल हर्क. हे कुटुंब जमैकाच्या किंग्स्टनहून आलेले. रस्त्यावर ढिगाने स्पीकर रचून गाणी वाजवायची आणि वरून माइकवर बोलायचे, ही तिकडची चाल त्याने लहानपणी पाहिलेली होती. म्हणजे ब्राँक्सलाही हे दुसरीकडून आले.

हर्कच्या एक गोष्ट ध्यानात आली होती. नाचणारे लोक पूर्ण गाण्यावर नाचत नाहीत. मध्ये गायक गप्प होतो, बाकीची वाद्ये थांबतात आणि नुसते ड्रम वाजतात, त्या काही सेकंदांसाठी ते दबा धरून असतात. त्या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणत. हर्कने एकाच तबकडीच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर लावल्या. पहिलीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू करायचा, तोवर पहिलीची सुई मागे आणायची. काही सेकंदांचा तुकडा हवा तितका वेळ फिरत राहिला. त्यावर नाचणारे ते ब्रेक करणारे. पुढे ग्रँडमास्टर फ्लॅशने यात काटेकोरपणा आणला. ब्रेक कुठे सुरू होतो तिथे त्याने तबकडीवरच रंगीत खडूने खूण केली आणि हाताने तबकडी धरून ठेवली तरी खालची थाळी फिरत राहावी म्हणून स्टार्चने कडक केलेली नमद्याची चकती मध्ये घातली. सगळी करामत चकतीची आणि खडूच्या खुणेची.

हर्कची अजून एक युक्ती होती. आपण कोणती तबकडी वाजवतो हे दुसऱ्या डीजेंना कळू नये म्हणून तो तबकड्या पाण्यात भिजवून त्यांची लेबले काढून टाकी. सल्ला वडिलांचा. धंद्याच्या दृष्टीने हुशारी. पण त्या लेबलांबरोबर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची नावेही पाण्यात गेली, आणि पुढे तेच मोठ्या प्रमाणावर झाले. जेम्स ब्राउनच्या ‘फंकी ड्रमर’मधला ब्रेक शेकडो रॅप गाण्यांत कापून वापरला गेला. तो वाजवणारा क्लाइड स्टबलफील्ड पगारी वादक होता. रेकॉर्डवर मालकी त्याची नव्हती आणि त्या वापरापोटी त्याला जवळजवळ काहीच मिळाले नाही.

समाजाबद्दल बोलणे तर त्यानंतरचे. सुरुवातीची नऊ वर्षे माइकवर बोलणाऱ्या एमसीचे काम मुख्यतः नाचणाऱ्यांना चेतवणे हेच होते. १९८२ साली ‘द मेसेज’ निघाले, त्यात पडक्या वस्तीचे, उंदरांचे, थकलेल्या हप्त्यांचे वर्णन आले. ते गाणे फ्लॅशच्या गटाच्या नावावर आहे खरे, पण त्यातल्या बहुतेकांना ते नकोच होते. पार्टीत असले रडगाणे कोण ऐकणार, हा त्यांचा हिशेब. मुख्यतः स्टुडिओतल्या एड फ्लेचरने ते लिहिले आणि गटातल्या एकट्या मेली मेलने त्यात रॅप केला. फ्लॅशचा स्वतःचा हात त्याला लागलाच नाही.

यातले आमच्याकडे काय आले? हिपहॉपची चार अंगे मानतात: डीजे, एमसी, ब्रेकिंग आणि भिंतीवरची ग्राफिटी. दांडी-बोईसरला ती एकत्र आली नाहीत. आधी आले पाय. १९८४ साली अमेरिकेत ‘बीट स्ट्रीट’ आणि ‘ब्रेकिन’ हे सिनेमे आले, वर्षभरात ‘मेरी जंग’मध्ये जावेद जाफरी नाचला, १९८७ साली ‘डान्स डान्स’मध्ये मिथुन. भाड्याच्या व्हीसीआरवर हे सगळे बोईसरपर्यंत आले. बोईसरची तेव्हाची वस्तीही तशीच, कुठून कुठून आलेली. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून चालू, शेजारी एमआयडीसी. कॉलनीत मल्याळी, बंगाली, तेलुगू, चाळींत उत्तरेकडचे कामगार. गॅदरिंगला लावणीनंतर ब्रेक डान्स ठरलेला. हिपहॉप हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता. आम्हाला तो मिथुनचा डान्स.

दांडीच्या पोरांची अडचण निराळी होती. समुद्र दारात, ओहोटीला कडक ओली वाळू मैलभर. त्यावर कोलांट्या झकास बसतात, पण डोक्यावर किंवा पाठीवर गिरकी घ्यायला गेले की वाळू अंगाला धरते आणि माणूस जागीच रुततो. म्हणून गिरकीसाठी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून शाळेच्या ओट्यावर अंथरायचा. ब्राँक्सची पोरेही फुटपाथवर पुठ्ठाच अंथरत होती, हे आम्हाला फार उशिरा कळले.

दुसरे अंग आले हळदीच्या मांडवातून. या किनाऱ्यावर लग्नापेक्षा हळद मोठी. मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांच्या घरची हळद म्हणजे रात्रभर बेंजो, पुढे कॅसिओ, मग टेम्पोवर रचलेली स्पीकरांची भिंत. तिलाच सगळे डीजे म्हणू लागले. टर्नटेबल नाही, ब्रेक नाही. किंग्स्टनची ती स्पीकरांची रास मात्र जशीच्या तशी, आणि तरी तिचा किंग्स्टनशी काडीचा संबंध नाही. म्हणूनच सारखेपणा दिसला की लगेच नाते लावायची घाई करू नये असे मला वाटते. तारपा या फुंकून वाजवायच्या वाद्याभोवती नाचणाऱ्यांचे कडे आणि ब्रेकिंगवाल्यांचे कडे यांचे साम्य दाखवणारे लेख मी वाचले आहेत. जव्हारकडच्या वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा तारपा फुंकतात तेव्हा श्वास न तोडता तोच सूर फिरत राहतो आणि सुराने वळण घेतले की नाचणाऱ्यांची पावले बदलतात. कान देऊन ऐकले की हर्कची आठवण येते, हे खरे. पण तारपा नव्या भाताच्या दिवसांत देवासाठी वाजतो, आणि त्याने ब्राँक्सकडून काही घेतलेले नाही, दिलेलेही नाही.

नाते जुळते ते वेगळ्या जागी.

वारल्यांच्या भिंतीवर जे चित्र असते ते मुळात लग्नाचे. कुडाची भिंत शेणाने सारवून त्यावर गेरू, तांदळाचे पीठ पाण्यात कालवून पांढरा रंग, बांबूची काडी टोकाला चावून केलेला कुंचला. सवाशिणी मिळून चौक काढतात; मध्ये पालघट देवी, बाजूच्या छोट्या चौकात पंचशिऱ्या. लग्न लावणारी बाई, म्हणजे धवलेरी, गाऊन देवाला बोलावते तेव्हा लग्न लागते. आज चहाच्या कपापासून विमानतळाच्या भिंतीपर्यंत दिसणाऱ्या त्या त्रिकोणी माणसांचे मूळ या चौकात आहे.

आणि याच लग्नात वारल्याचा गळा अडकत असे. लग्नाला कर्ज जमीनदाराकडून. फेडायला पैसा नाही, म्हणून नवरा त्याच्याकडे राबायचा, पाठोपाठ बायको, पुढे पोरे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. म्हणजे ज्या दिवशी भिंतीवर चौक चढला त्याच दिवशी घरातला गडी गहाण पडला. चित्रात मात्र जमीनदार कुठेच नाही. त्यात शेत आहे, वाघ आहे, ताडावर चढलेला माणूस आहे. ‘सामाजिक भान’ म्हणून आपण जे शोधतो ते त्या चौकात नव्हते, जसे सिंडीच्या पार्टीतही नव्हते. यात मला उणेपणा दिसत नाही. कला आधी सणासमारंभाची असते. तिला तोंड फुटायला बाहेर काहीतरी घडावे लागते.

इथे ते २३ मे १९४५ रोजी झरी गावात घडले. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने किसान सभेची परिषद भरली, हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही, असे ठरले. ऑक्टोबरात गवतकापणीचा संप: पाचशे रत्तल गवताला अडीच रुपये मिळाल्याशिवाय विळा लावायचा नाही. तलवाड्याला जमलेल्या जमावावर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी मारले गेले. गोदूताईंनी हे सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० सालच्या पुस्तकात लिहिले. लग्नगड्यांची पद्धत मोडली ती या लढ्याने.

मराठीत गाण्याला कामाला लावायची रीत मात्र याच्याही आधीची, आणि मराठी रॅपचे इथले आजोळ तिथे आहे. सत्यशोधकांनी तमाशा घेतला, त्याचा सांगाडा तसाच ठेवला आणि आतला मजकूर बदलला. पुढे नाशिककडच्या भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी गणातला देव काढला, गौळणीतली छेडछाड काढली, बतावणीत सावकार आणि भट आणून उभे केले. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकरांनी लाल बावटा कलापथक काढले. विलास घोगरे, संभाजी भगत, पुण्याचा कबीर कला मंच ही त्यापुढची माणसे. रंजनाच्या साच्यात राग ओतायचा हे जलशाने केले, ‘द मेसेज’नेही तेच केले, दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. मराठी पोरांच्या हातात दोन्ही एकदम पडले ते इंटरनेट आल्यावर.

म्हणून आवाज हे अंग आमच्याकडे सगळ्यांत शेवटी आले. १९९२ साली बाबा सहगलचे ‘ठंडा ठंडा पानी’ गाजले आणि पुढची कितीतरी वर्षे हिंदीत रॅप म्हणजे विनोद होऊन बसला. दांडीच्या पोराला बोलायला विषय नव्हते, असे नाही. कारखान्यांचे पाणी नवापूरच्या खाडीला आणि दर्याला, जाळ्यात मासळी कमी, विस्तारित अणुकेंद्रासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही दोन गावे उठवलेली. २०१६ साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने प्रदूषणाविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात दाद मागितली, जानेवारी २०२२ मध्ये निकाल आला. ते सगळे बोलणे वकिलांच्या इंग्रजीत झाले, आणि ते तसेच व्हायला हवे होते; लवादापुढे यमक चालत नाही. पण बोटीवर खलाशी म्हणून जाणाऱ्या पोराने त्यातले काय ऐकले?

‘स्वदेशी’ २०१३ च्या सुमाराचे. एमसी मवाली, अमरावतीकडचा १००आरबीएच, गुजरातीत रॅप करणारा एमसी तोडफोड म्हणजे धर्मेश परमार, जो २०२२ च्या मार्चमध्ये चोविसाव्या वर्षीच गेला. इंग्रजीची नक्कल न करता ज्याने त्याने घरच्या बोलीत लिहायचे, हा त्यांचा परिपाठ. महादेव कोळी घरातली माही जी आज ‘जंगलचा राजा’सारखे गाणे करते तीही याच वाटेवर. मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडे जाणार म्हणून तिथले वारली रस्त्यावर आले, तेव्हा स्वदेशीच्या पोरांनी त्यांच्यावर गाणे लिहिण्यापेक्षा त्यांच्यातल्याच एकाला माइकपुढे उभे केले. शीर्षकात १९४५ चा उठाव, आवाज २०१९ च्या पाड्यातला. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्री झाडे पडू लागली. सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत दोन हजारांवर गेली होती. आज मेट्रो तिथून धावते. गाण्याने झाडे वाचली नाहीत, हे लिहून ठेवायलाच हवे, कारण असल्या गाण्यांबद्दल बोलताना लोक फार चढवून बोलतात.

माझ्या मते या गाण्याचे मोल त्याच्या श्रेयनामावलीत आहे. स्वदेशीबरोबर प्रकाश भोईर हे नाव तिथे छापलेले आहे. भोईर स्वतः चित्रे काढतात, त्यामुळे ही गोष्ट वारली चित्रालाही लागू पडते. सवाशिणींच्या चौकाला कधी सही नव्हती. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी सरकारी कामानिमित्त पाड्यांवर आले, कागद आणि रंग वाटले, आणि गंजाडचे जिव्या सोमा म्हसे कागदावर काढू लागले. ते लग्नाबाहेर, रोज चित्र काढत, आणि पुरुष असून काढत. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारली चित्राला पहिले नाव मिळाले ते त्यांचे. २०१४ साली डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाच्या प्रयत्नांनी भौगोलिक मानांकनही मिळाले. ते समूहाच्या नावाने आहे. कायद्यात तशीच तरतूद आहे. ज्यांनी पिढ्यान् पिढ्या चौक काढला आणि धवलेरी होऊन गाणी गायली, त्या बायांपैकी बहुतेकींची नावे कोणत्याही नोंदीत नाहीत. स्टबलफील्डचे नाव निदान आपल्याला ठाऊक तरी आहे.