आकड्यावरचा विश्वास

जुगार मोडायचा तर अड्डा गाठावा, ही राज्यसत्तेची जुनी रीत. मुंबईचा १८८७ सालचा जुगार प्रतिबंधक कायदा तिच्यावरच उभा आहे. पण अड्ड्याइतकाच जुगाराला आकड्यावरचा विश्वास लागतो. मुंबईत प्रथम न्यूयॉर्कहून तारेने येणाऱ्या कापसाच्या भावांवर पैसे लावीत. ते भाव येथील कोणाच्या हातचे नव्हते. १९६० नंतर मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या आणि मटकेवाल्याच्या शब्दावर विसंबणे आले.

२००९ साली बिटकॉइन निघाले. त्याची खातेवही एका पेढीत नसते. हजारो संगणकांवर तिच्या प्रती असतात. एक प्रत जप्त केली तरी वही मिटत नाही. २०१२ साली ‘सातोशीडाइस’ने सोडतीच्या गुप्त अंकाचा गणिती ठसा आधी जाहीर करून अंक मागाहून उघड केला. आता लबाडी कोणीही ताडून पाहावी!

मग सत्ता हतबल झाली काय? तसे नाही. २०२२ साली अमेरिकी नियामकांनी ‘पॉलीमार्केट’ला चौदा लाख डॉलर दंड केला, व्यवहार साखळीवर होते, पण चालक माणसेच होती. भारताच्या २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना बँकांची वाटच बंद केली. पुढील झगडा अड्ड्यावर नव्हे, तर नाण्याचे रुपये होतात त्या उंबरठ्यावर होईल, असे आम्हांस वाटते.

मात्र सोडत चोख असली तरी चालकाचा शेकडा दोनाच्या आसपासचा वाटा तसाच राहिला होता. यंत्राने लबाडी काढली, खेळणाऱ्याचा तोटा काढला नाही. तो हिशेब आपला आपणच मांडला पाहिजे.