प्रवाळ जलजीवालयातील जलरसायन

जिवंत प्रवाळ व त्यांच्या सान्निध्यातील सागरी जीव बंदिस्त पात्रात पाळण्यासाठी पाण्याचे रासायनिक संघटन स्थिर राखण्याची पद्धती. समुद्रात हे काम त्याच्या अफाट आकारमानामुळे आपोआप होते. दोनशे लिटरांच्या काचपात्रामागे असा समुद्र नसल्यामुळे त्याचे प्रत्येक कार्य पाळणाऱ्यास करावे लागते.

ॲना थिन यांनी 1846 मध्ये टॉर्की येथील प्रवाळ लंडनला आणून पाळले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून ते हाताने या भांड्यातून त्या भांड्यात ओतले जाई. वनस्पती व प्राणी यांच्यातील वायूंच्या समतोलावरील रॉबर्ट वॉरिंग्टन यांचे प्रयोग 1850 मध्ये प्रसिद्ध झाले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1853 मध्ये मत्स्यगृह उघडले. पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांनी चार लवणांपासून कृत्रिम समुद्रजल करण्याची कृती दिली. कॅल्शियमाची लवणे प्रमाणाने अल्प म्हणून त्यांनी वगळली होती. प्रवाळांच्या दृष्टीने नेमकी तीच महत्त्वाची होत. ‘चॅलेंजर’ मोहिमेत (1872–76) जमविलेल्या 77 नमुन्यांच्या विश्लेषणावरून विल्यम डिटमार यांनी 1884 मध्ये दाखविले की, लवणता बदलली तरी प्रमुख घटकांचे परस्पर प्रमाण जवळजवळ कायम असते. तयार सागरी लवणमिश्रणे या नियमावरच आधारलेली आहेत.

परंतु योग्य मिश्रण हा केवळ आरंभ होय. प्राण्यांच्या उत्सर्गातून निघणाऱ्या विषारी अमोनियाचे सूक्ष्मजंतू प्रथम नायट्राइटात व नंतर नायट्रेटात रूपांतर करतात. जाकार्ता येथील ली चिन एंग यांची, जीवांनी वसलेले सच्छिद्र खडक वापरण्याची पद्धत 1961 मध्ये प्रसिद्ध झाली. अशा खडकांच्या ऑक्सिजनविरहित गाभ्यात नायट्रेटाचे नायट्रोजन वायूत रूपांतर होते.

दुसरा प्रश्न चुन्याचा. प्रवाळ कॅल्शियम व बायकार्बोनेट घेऊन कॅल्शियम कार्बोनेटाचा सांगाडा बनवितात. 35 लवणतेच्या समुद्रजलात लिटरमागे सुमारे 410 मिग्रॅ. कॅल्शियम असते, अल्कता मात्र सुमारे 2.3 ते 2.5 मिली-इक्विव्हॅलंट एवढीच असते. सांगाड्यासाठी 20 मिग्रॅ. कॅल्शियम खर्ची पडले की, अल्कता 1 एककाने उतरते. म्हणजे कॅल्शियमाची घट जेमतेम 5 टक्के, तर अल्कतेची सुमारे 40 टक्के. म्हणून अनुभवी पाळणारे अल्कता अधिक वारंवार मोजतात. 1970 नंतरच्या दशकात जर्मन भाषिकांमध्ये पेटर विल्केन्स यांनी चुन्याच्या निवळीचा पुरस्कार केला. तिच्यातून दोन्ही घटक योग्य प्रमाणात मिळतात. मात्र ती तीव्र अल्कधर्मी असल्याने थेंबथेंबच सोडावी लागते, अन्यथा पीएच मूल्य 8.1–8.3 या इष्ट मर्यादेबाहेर जाते. मॅग्नेशियमही (लिटरमागे सुमारे 1,280 मिग्रॅ.) राखावे लागते, ते कमी पडल्यास कॅल्शियम कार्बोनेट पाण्यातच अवक्षेपित होऊ लागते.

महाराष्ट्रात सागरी जीवांचे दर्शन सर्वसामान्यांना घडविले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी 1951 मध्ये त्याचे उद्‍घाटन केले. नूतनीकरणानंतर ते 2015 मध्ये पुन्हा खुले झाले. ते किनाऱ्यालगत होते. समुद्रापासून सुमारे दोनशे किमी. अंतरावरील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथे मात्र समुद्र पुडीतूनच आणावा लागतो : शंभर लिटर पाण्यास साडेतीन ते चार किग्रॅ. लवणमिश्रण. हे पाणी विहिरीचे चालत नाही. दख्खनच्या बेसाल्टातून येणारे पाणी कठीण असते. शिवाय त्यातील सिलिकेमुळे करंडक वनस्पतींचा तपकिरी थर काचेवर माजतो. शेतीच्या खतांतून झिरपलेले नायट्रेट असल्यास अडचण आणखी वाढते.

यास्तव व्यस्त तर्षणाने (आरओ) शुद्ध केलेले पाणी वापरतात. घरगुती उपकरणात शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी टाकाऊ म्हणून निघते. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत बाष्पीभवन अधिक. पाणी उडते, लवण उरते, त्यामुळे रोज गोड्या शुद्ध पाण्याचीच भर घालावी लागते. पर्जन्यछायेतील, टँकरची सवय असलेल्या जिल्ह्यात या छंदाची खरी किंमत मिठात नव्हे, तर गोड्या पाण्यात मोजावी लागते. टाकाऊ पाणी फरशी धुण्यास वापरता येते. तेच सतत बागेला दिल्यास मातीत क्षार साठतात.

भारतात दगडी प्रवाळांचा समावेश 2001 मध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत करण्यात आला. त्यामुळे समुद्रातून ते काढणे वा त्यांची विक्री करणे हा गुन्हा ठरतो. महाराष्ट्रात मालवणजवळ सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात प्रवाळ आढळतात. तेथे 1987 मध्ये सागरी अभयारण्य घोषित झाले.