युनी ब्लाँ : एका इटालियन द्राक्षाचा महाराष्ट्रप्रवेश

'युनी ब्लाँ' हे नाव फ्रेंच असले, तरी हा पांढरा द्राक्षवाण मूळचा इटलीतील 'ट्रेबियानो तोस्कानो' होय. भरघोस उत्पन्न, उशिरा पक्वता, फिका स्वाद आणि टिकून राहणारी आम्लता ही त्याची लक्षणे. इटलीत त्याला फारशी प्रतिष्ठा लाभली नाही. कियांती या तांबड्या वाइनमध्ये १९६७ च्या नियमांनी पांढऱ्या द्राक्षांचे १० ते ३० टक्के मिश्रण बंधनकारक केले होते; कियांती क्लासिकोत २००६ पासून ते निषिद्ध ठरले. फ्रान्समधील कोन्याक भागात मात्र फायलोक्सेरा किडीने मळे उद्ध्वस्त केल्यानंतर ब्रँडीसाठी हाच वाण प्रमुख झाला.

१९८० च्या दशकात श्यामराव चौगुले यांनी नारायणगाव (जि. पुणे) येथे फ्रेंच तांत्रिक साहाय्याने फेसाळ वाइनची निर्मिती सुरू केली. 'ओमर खय्याम' या फारसी नावाने ती परदेशी गेली. तेथे हा वाणही फ्रेंच नावानेच वापरात आला. ही निवड केवळ नावाच्या मोहाने झाली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात मणी पिकताना त्यांतील आम्लता झपाट्याने घटते. फेसाळ वाइनला नेमकी तीच आम्लता लागते, आणि ट्रेबियानो ती सहसा सोडत नाही.