पोलादी पेटी आणि आतला माणूस

श्रोतेहो, गावाबाहेर मोठे बांधकाम निघाले की पाया खणण्यापूर्वीच तेथे एक पोलादी पेटी येऊन बसते. कोणी तिला कंटेनर म्हणतात, कोणी डबा. आधी तिच्यात हत्यारे आणि वायरी ठेवतात. पुढे तिच्यातच वेल्डिंगचे यंत्र मांडतात, आणि मग माणूसही तिच्यात राबू लागतो. ही पेटी कोठून आली हे जाणल्याखेरीज तिच्यात काम कसे करावे हे उमगावयाचे नाही, असे आमचे मत आहे.

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकन मालवाहतूकदाराने ‘आयडियल एक्स’ जहाजावर ५८ पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनकडे धाडल्या. त्यापूर्वी गोणी, पिंपे, खोकी एकेक करून चढत-उतरत. त्यात दिवस मोडत आणि मालाला पायही फुटत. पेटीला एकदा सील ठोकले की ती घेणाऱ्याच्या दारातच उघडावयाची. माल राखला गेला. परंतु ज्यांच्या पाठीवर गोदी उभी होती त्यांचे काय? अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हॅरी ब्रिजेस यांच्या संघटनेने १९६० साली करार केला: यंत्रे येऊ द्यावीत, पण मालकांनी कामगारांसाठी निधी काढावा. आपल्याकडे १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले आणि मुंबईच्या गोदीतले हातांचे काम ओसरत गेले.

अशी ही पेटी माल राखण्यासाठी जन्मली. तिच्या भिंती पातळ, नागमोडी पोलादी पत्र्याच्या. दारांना रबराची पट्टी. हवेसाठी वरच्या बाजूस चार-दोन बारीक छिद्रे. कड्या साऱ्या बाहेरून. उन्हात पत्रा तापतो आणि आतली हवा कोंडते. पावसाळ्यात दमट हवा गार पत्र्याला लागून छतातून थेंब गळतात व हत्यारे गंजतात.

उपाय खर्चाचे नाहीत. पेटीवर फूटभर अंतर सोडून पत्र्याचे दुसरे छप्पर घालावे. मधून वारा खेळला पाहिजे. वरून पांढरा रंग द्यावा. एका टोकाला खाली व दुसऱ्या टोकाला वर झरोके पाडावेत, म्हणजे तापलेली हवा आपसूक निघून जाते. झरोक्यांना जाड जाळी बसवावी. भार चार कोपऱ्यांच्या खांबांवर असतो. त्यांना कापू नये. कुलपाभोवती पोलादी खोके वेल्ड करावे, म्हणजे चोराची कात्री पोचत नाही. मात्र आत माणूस काम करणार असेल तर आतून उघडणारे दुसरे दार हवेच.

या शेवटच्या वाक्यासाठीच आम्ही येथे उभे आहोत. काही वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या आवारात, ऐन मे महिन्यात, एक मदतनीस अशा डब्यात हत्यारे मोजीत होता. चोरीच्या धास्तीने रखवालदाराने बाहेरून कडी घातली. तासाभराने दार उघडले तेव्हा तो भिंतीला टेकून, घामाने निथळत बसला होता. आम्हांला म्हणाला, “भाऊ, हत्यारं मोजली. पुरी भरली.”

हत्यारे पुरी भरली. माणूस मात्र कोणी मोजला नव्हता.

१९४८ च्या कारखाना कायद्याने भिंती व छप्पर अशी असावीत की उष्णता शक्य तितकी कमी राहील, असे सांगितले होते. आत माणूस असताना बाहेर जाण्याचे दार आतून सहज उघडेल असेच ठेवावे, हेही त्याच्या मूळ कलमांत होते. मॅक्लीनची पेटी समुद्रावर निघण्याच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट. तेव्हा, श्रोतेहो, आपल्या आवारात पेटी आणाल त्या दिवशी कुलूप पाहण्याआधी एकदा आत उभे राहून दार ओढून घ्या. ते आतून उघडले, तरच माणसाला आत कामाला पाठवा.