दादरच्या सावलीचे मूळ

दादर पारसी कॉलनीतील रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि पाच उद्याने आजही पाहुण्याला मोहवतात. या रम्यतेचे मूळ मात्र एका महामारीत आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि दाटीवाटीच्या वस्त्यांत त्याने थैमान घातले. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने मग उत्तरेकडे दादर-माटुंग्यात मोकळी वस्ती आखली. हवा आणि उजेड हाच रोगावरचा उपाय मानला गेला.

अभियंता मंचेरजी जोशी यांनी येथे मध्यमवर्गीय पारशांसाठी १०३ भूखंड मिळवले. अनेक पारशी बागांना कुंपण असते. या वसाहतीला नाही. त्यामुळे तिची सावली वाटसरूलाही लाभते.

पुनर्विकासाच्या हिशेबात ही मोकळी जागा वाया गेलेली दिसेल. मुंबईने ती हजारो मृत्यूंनंतर राखली होती.